बाबांची गाडी

गेल्या वर्षीं श्रावणांत माझ्या वडिलांच्या हृदयावर नागपुरास शस्त्रक्रिया झाली. त्यांचें वय ७४, राहणें अकोल्यास. मूर्तिजापूर ते अचलपूर ह्या ७६ किलोमीटरांच्या अरुंद लोहमार्गावर त्यांनीं गार्ड म्हणून पुष्कळ वर्षें काढलीं. लोक जिला शकुंतला म्हणत, ती ही गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन असे. आणि पुढें पुढें लहान स्थानकांवर कोणी नेमलेला नसल्यामुळें तिकिटें देखील गार्डच देई. हें येथें सांगण्याचें कारण लवकरच कळेल.

डॉक्टरांनीं चित्र काढून समजाविलें कीं, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या तीन वाहिन्या तुंबल्या आहेत. पायांतील शीर काढून ती अडथळ्याच्या पलीकडे जोडावयाची, म्हणजे रक्त नव्या वाटेनें जाईल. बाबा म्हणाले, "म्हंजे लाइन ब्लॉक हाय. दुसऱ्या रुळावरून गाडी न्यायची." डॉक्टर हसले, भीति काय ती आम्हांलाच होती. ही युक्ति १९६७ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें रूढ करणारे रेने फावालोरो हे मूळचे अर्जेंटिनाचे. त्यापूर्वीं बारा वर्षें ते आपल्या देशांतील एका खेड्यांत साधे गांवडॉक्टर होते, ही गोष्ट आमच्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

बाराव्या दिवशीं बाबांना मोटारीनें अमरावतीस माझ्या घरीं आणलें. खरें काम येथून सुरू झालें. छातीचें हाड मध्यें कापून पुन्हां तारेनें बांधलेलें असतें. तें सांधण्यास दीड-दोन महिने लागतात. तोंपर्यंत जड उचलावयाचें नाहीं, हातांवर भार देऊन उठावयाचें नाहीं. खोकला आला तर उशी छातीशीं घट्ट धरावयाची. श्वासाच्या व्यायामासाठीं तीन गोळ्यांचें एक यंत्र असतें. श्वास जोरानें ओढला कीं त्या एकामागून एक वर चढतात. जेवणांत मीठ बेताचें. वऱ्हाडी माणसाला ठेच्यावांचून भाकरी वाढणें ही शिक्षाच होय. ताई अकोल्याहून प्रेमानें लोणच्याची बरणी घेऊन आली, ती मीं दारांतच काढून घेतली. ती बिचारी डोळे पुशीत परत गेली.

मी पेशानें शिक्षक. तांबड्या शाईनें वेळापत्रक लिहून मीं भिंतीस चिकटविलें. कांहीं चुकलें कीं मी बोलत असें, आणि आवाज शाळेंतलाच निघे. बाबा मुकाट्यानें ऐकत. मला वाटे, सर्व ठीक चाललें आहे.

तिसऱ्या आठवड्यांत चादर बदलतांना माझ्या पत्नीस गादीखालीं कागदाची एक पुडी सांपडली. तींत अकरा गोळ्या होत्या, आणि त्यांपैकीं कित्येक रक्त गोठूं न देणाऱ्या. जोडलेली शीर मोकळी राहावयाची ती ह्याच औषधाच्या बळावर! मी संतापून खोलींत गेलों. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"शाळेत तू मास्तर अशीन, इथं मी तुया बाप हाय," ते हळूच म्हणाले. "पानी मांगतलं तं पानी येते, उठलो तं चार जन धावतात. मले काई कराचं उरलंच नाई. मंग ह्या गोळ्या कायले खाऊ?"

मला उत्तर सुचलें नाहीं. डॉक्टरांना फोन केला. राहिलेल्या गोळ्या एकदम देऊं नका, नेहमींच्या मात्रेनें पुन्हां सुरू करा व उद्यां तपासणीस आणा, असें त्यांनीं सांगितलें. शिवाय म्हणाले कीं, अशा शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांचें मन खचतें. तो हट्ट समजूं नये, आणि उदासपणा टिकला तर त्यावरहि औषध आहे. हें मीं आधींच विचारावयास हवें होतें.

ह्यापुढील वाट माझ्या सातवींतल्या मुलीनें दाखविली, आणि तीहि न ठरवितां. तिनें सहज विचारलें, "आजोबा, गार्ड वहीत काय लिहायचा?" बाबांनीं एक कोरी वही मागितली. दुसऱ्या दिवसापासून आमचा ओटा मूर्तिजापूर झाला, फाटक दर्यापूर, कोपऱ्यावरचा कडुनिंब अंजनगांव आणि त्यापलीकडील किराण्याचें दुकान अचलपूर. प्रत्येक फेरीची सुटण्याची व पोंचण्याची वेळ ते वहींत लिहूं लागले. बरोबर जाणारास तिकीट घ्यावें लागे. मुलीच्या तिकिटाचें मोल गणिताचें एक उदाहरण! तिसरी गोळी वर चढल्याशिवाय इंजिनांत वाफ झाली नाहीं असें समजून गाडी सुटत नसे. औषधांच्या वेळाहि त्याच वहींत आल्या, 'तेलपाणी' ह्या सदराखालीं, त्यांच्याच अक्षरांत. मीं माझें वेळापत्रक उतरविलें. भिंतीवर डिंकाचे चार डाग अजून आहेत.

सगळे दिवस चांगलेच गेले असें नव्हे. कधीं वहींत 'गाडी रद्द' एवढेंच असे. एकदां पायाची जखम ओली राहिली म्हणून दवाखान्यांत खेपा घालाव्या लागल्या. ताईची मीं क्षमा मागितली. तिनें फोन ठेवून दिला.

दिवाळीनंतर डॉक्टरांनीं परवानगी दिली. आणखी थोडे दिवस राहा, असें मी म्हणेपर्यंत बाबांची पिशवी भरलेली होती. बडनेऱ्यास आम्ही गाडींत बसलों. मूर्तिजापूर आलें तेव्हां ते खिडकीशीं सरकले, आणि गाडी हलेपर्यंत जुन्या लाइनीच्या बाजूस पाहत राहिले. अकोल्यास उतरतांच त्यांनीं घड्याळ पाहून वहींत लिहिलें: "अकोला. ५ मिनिटें उशीर. गार्ड ठीक."

ताई फलाटावर उभी होती. तिनें बाबांच्या हातांतील वही घेतली, पिशवी माझ्याकडेच राहूं दिली, आणि चालतां चालतां मागें न पाहतां म्हणाली, "लिंबाचं घातलं हाय, गुळातलं. मीठ नाई टाकलं."