जुन्या संगणकाला टाकी

आमच्या काटेवाडीच्या घरात माजघराच्या एका कोपऱ्यात दोन जुनी यंत्रे शेजारी शेजारी आहेत. एक सासूबाईंचे दगडी जाते आणि दुसरा माझा संगणक. जात्याचे वय कुणालाच ठाऊक नाही. संगणकाचे ठाऊक आहे. तो २००९ साली, मी तासिका तत्त्वावर शिकवत असताना, पतपेढीचे कर्ज काढून घेतला. बारामतीत एका दुकानात सुटे भाग जुळवून केलेला तो संच होता : कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, तीनशेवीस जीबीची हार्ड डिस्क. भारनियमनाच्या त्या दिवसांत यूपीएसच्या किंकाळीबरोबर धावत जाऊन फाईल जतन करणे हा माझ्या लेखनप्रक्रियेचाच एक भाग झाला होता.

सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. संगणक सुरू होईपर्यंत मी हातावर हात ठेवून बसलेली पाहून त्या एकदा म्हणाल्या होत्या, "घासलं आसंल गं ते. टाकी लावून घे की." जात्याच्या तळ्या वापराने गुळगुळीत झाल्या की दाणा दळला न जाता नुसताच फिरतो, मग पाथरवटाकडून छिन्नीने त्यांवर पुन्हा खाचा पाडून घ्याव्या लागतात. तिला टाकी लावणे म्हणतात. तेव्हा मी हसले होते. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी खरोखरच संगणकाला टाकी लावायला बसले.

निमित्त असे की त्याच ऑक्टोबरच्या चौदा तारखेला विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. माझ्या संगणकाला विंडोज ११ पेलणारे नव्हते. बटण दाबल्यापासून पडद्यावरचा बाण मोकळा होईपर्यंत सहा-सात मिनिटे जात. घरात सर्वांचे एकमत होते, की भंगारात द्या. मला ते पटत नव्हते, आणि त्याचे कारण केवळ काटकसर नव्हते. त्या संगणकात आत्यांचा आवाज होता.

२०१० ते २०१३ या काळात मी आणि माझ्या काही विद्यार्थिनींनी काटेवाडी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फिरून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सुरुवात अर्थातच घरातून झाली. आत्यांना मी समोर बसवून "ओवी सांगा" म्हटले, तर त्यांना एकही आठवेना. त्या उठल्या, जात्याशी बसल्या, खुंट्याला हात घातला, मूठभर ज्वारी टाकली आणि मग ओव्यांमागून ओव्या येऊ लागल्या. जाते थांबले की ओवी थांबे. लोकसाहित्य शिकवताना मी 'श्रमगीत' ही संज्ञा अनेकदा फळ्यावर लिहिली होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला. आत्या २०१८ साली गेल्या. ध्वनिमुद्रणे संगणकातच राहिली. 'एकदा सवडीने' त्यांची प्रत काढायची, हे माझे पंधरा वर्षांचे आश्वासन होते.

तर टाकी. पहिला धडा मिळाला तो असा, की संगणक म्हातारा झाला म्हणून मंद होत नाही. प्रोसेसर २००९ मध्ये एका सेकंदात जितके काम करत होता, तितकेच आजही करतो. बदलते ते त्याच्यावरचे ओझे. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाची यादी असते. ती उघडली तेव्हा संगणक सुरू होताच न विचारता जागे होणारे अकरा प्रोग्राम दिसले. कधीकाळी विकलेल्या प्रिंटरचा सहायक, तीन ठिकाणचे अद्ययावतक, न वापरलेली संभाषणाची साधने. त्यांतले नऊ बंद केले. तात्पुरत्या फायलींचा कचरा काढला. काठोकाठ भरलेल्या डिस्कमध्ये थोडी मोकळी जागा केली.

मग झाकण उघडले. आमचे घर रस्त्यापासून जवळ. तुकाराम महाराजांची पालखी दर वर्षी याच रस्त्याने पुढे जाते. गावात धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते. त्या रस्त्याचा पालखी महामार्ग होत असताना उडालेली सगळी धूळ जणू माझ्या संगणकाच्या पंख्यात येऊन बसली होती. धुळीने पंखा कोंदला की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. मऊ कुंचल्याने धूळ काढली. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसले. घड्याळाचा नाण्याएवढा सेल बदलला; तो संपल्यामुळे संगणक रोज सकाळी स्वतःला २००९ सालात समजत असे, आणि चुकीच्या तारखेमुळे अनेक संकेतस्थळे त्याला दारातच अडवत. एवढ्याने दीड-दोन मिनिटे वाचली. मला हुरूप आला.

हुरूप आल्यावर माणूस चुका करतो. 'आपला संगणक दहापट वेगवान करा' असे वचन देणारा एक फुकटचा प्रोग्राम मी उतरवून घेतला. त्याने शेकडो दोष दाखवले आणि दुरुस्तीसाठी पैसे मागितले. तो काढून टाकला आणि रात्री डिफ्रॅगमेंटेशन लावून झोपले. डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र आणणारी ही क्रिया धडधाकट डिस्कला उपयोगी असते. पहाटे उठले तेव्हा खोक्यातून टक्... टक्... असा आवाज येत होता आणि पडदा गोठला होता.

बारामतीत माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे संगणकदुरुस्तीचे दुकान आहे. बी.ए.ला त्याने मराठी विषय घेतला होता, म्हणून त्याच्यावर माझा हक्क. फोनवर त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मॅडम, आधी प्लग काढा. आता परत चालू करू नका. स्पीडचं नंतर बघू, आधी माल बाहेर काढू."

त्याने सांगितले ते असे. माझ्या संगणकाची मंदगती हा निव्वळ ओझ्याचा परिणाम नव्हता. हार्ड डिस्क मरायला टेकली होती. हार्ड डिस्क म्हणजे एका मिनिटात ७,२०० फेरे घेणाऱ्या चकत्या. वाचणारी सुई योग्य कड्यावर जाऊन थांबते आणि हवा असलेला भाग फिरत आपल्याखाली येण्याची वाट पाहते. इकडचेतिकडचे तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचून होतात. रॅम अपुरी पडली की संगणक आपले तात्पुरते कामही या चकत्यांवरच नेऊन ठेवतो, म्हणून सगळेच रखडते. त्यात चकतीचा एखादा भाग खराब झाला, तर सुई तिथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो. प्रत्यक्षात ती आठवण्याची धडपड असते. आणि अशा डिस्कला मी रात्रभर प्रत्येक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायला लावले होते!

फिरल्याशिवाय आठवत नाही, हे ऐकताना मला माजघरातले जाते दिसले. पण इथे दर फेरा शेवटचा ठरू शकत होता.

सुटका कशी झाली ते साहित्याच्या अभ्यासकांना सांगण्यासारखे आहे. त्याने डिस्क काढून लिनक्स असलेल्या दुसऱ्या संगणकाला जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावला. त्याची रीत अशी : आधी जे सहज वाचता येते ते उचलायचे, अडले तिथे रेंगाळायचे नाही, खूण करून पुढे जायचे, मग मागे फिरून खुणेच्या जागा थोड्या थोड्या करून पुन्हा वाचायच्या. कसर लागलेली पोथी जाणता संपादक याहून वेगळी काय वाचतो? दीड दिवस हे वाचन चालले. सत्तावीस ध्वनिमुद्रणांपैकी चोवीस अखंड आली, दोन अर्धवट. एक आलेच नाही.

टंकलिखित ओव्यांची कथा वेगळी. त्या फायली सुखरूप होत्या, पण उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला. ते टंकन युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टातले होते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी आपण पुढे कित्येक वर्षे जुन्या फॉन्टांतच लिहीत राहिलो. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे केवळ आकार बसवलेले असत; फॉन्ट गेला की मराठी गेली. 'कि' लिहिताना तिथे वेलांटी आधी आणि क नंतर, कारण डोळ्यांना तसे दिसते. युनिकोडमध्ये क आधी, कारण उच्चार तसा आहे. परिवर्तकातून काढलेल्या मजकुरात म्हणूनच वेलांट्या आणि रफार भलत्या अक्षरांवर जाऊन बसतात, आणि प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. आपल्यापैकी अनेकांचे प्रबंध आजही अशा फायलींत निजलेले असतील. ते संगणक चालू आहेत तोवर उघडून पाहावेत, एवढेच सांगते.

आमचा संग्रह लहान आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आणि २०१७ पासून त्या 'पारी'वर ध्वनी-मजकुरासह येऊ लागल्या. त्या सागरात आमच्या ओंजळीची गणना नाही. पण ओवी गाणारणीगणिक वळण घेते, आणि काटेवाडीच्या एका माजघरातली वळणे तिथल्याच गळ्यात होती.

अखेर वेगाचे काम झाले, आणि ते सगळ्यांत सोपे निघाले. जुन्या डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे वाट पाहणेही नसते. रॅम चार जीबी केली. विंडोज काढून लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती घातली. सोळा वर्षांचा संगणक आता मिनिटाच्या आत सुरू होतो. सगळ्यांत संथ भाग कोणता हे एकदा नेमके कळले, की बाकीच्या दहा उपायांची गरज उरत नाही. ते कळेपर्यंत मात्र मी यंत्राच्या वयाला दोष देत होते. वर्गात जुनी कादंबरी लावली की मुले 'संथ आहे' म्हणतात, आणि मी त्यांच्यावर रागावते. तिथेही आधी विचारायला हवे, की अडते आहे नेमके कुठे : कादंबरीत, की वाचणाऱ्याच्या डोक्यात न विचारता सुरू झालेल्या अकरा गोष्टींत?

असो. आता रात्री मी हेडफोन लावून ओव्या पुन्हा लिहून काढते. संगणक क्षणात फाईल उघडतो. पुढची चाळीस मिनिटे मात्र चाळीसच मिनिटे असतात. एका अर्धवट ध्वनिमुद्रणात आत्या ओवीची पहिली ओळ म्हणतात, जात्याची घरघर ऐकू येते आणि आवाज तुटतो. दुसरी ओळ माझ्या वहीत कोरी आहे. आत्यांबरोबर दळायला बसणाऱ्या एक काकू पलीकडच्या आळीत आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना विचारले, तर म्हणाल्या, "अशी नुसती नाही आठवायची. जात्यापाशी बसव."

जाते सात वर्षे बंद आहे. पाथरवटाला निरोप धाडला आहे.