आधी शिवण, मग कात्री

गेल्या चैत्रात माणदेशात जाण्याचा योग आला. माझ्या धाकट्या मेव्हणीचे घर म्हसवडच्या पुढे एका वस्तीवर आहे. साताऱ्याहून एस.टी.त बसले की कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले अशी गावे मागे पडतात. वाटेतला ऊस कमी कमी होत जातो आणि बाजरीची रिकामी राने, बाभळी व उघडे माळ दिसू लागतात. सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरडा राहिलेला हा मुलूख. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’तून अनेकांना तो ओळखीचा झाला. मेंढरे आणि घोंगडी यांचा हा प्रदेश. इथल्या घरात चिंधीसुद्धा सहसा वाया जात नाही.

माझ्या पिशवीत मात्र वाया गेलेले कापडच होते.

त्याचे असे झाले. माझी आई गेली तेव्हा तिची तीन सुती नऊवारी लुगडी आणि वडिलांची दोन धोतरे ट्रंकेत राहिली. पुण्याला नोकरीला असलेली मुलगी म्हणाली, “दादा, मला आजीच्या लुगड्यांची गोधडी हवी.” तिला रंगीत-पांढऱ्या त्रिकोणांची गोधडी हवी होती. मी कृषी पदवीधर, शेताचे त्रिकोण पाडून क्षेत्रफळ काढण्यात आयुष्य गेलेले. म्हटले, मापाचे काम आपले! पट्टी घेऊन दोन लुगड्यांचे चौकोन पाडले आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात कापून सगळे त्रिकोण एकदम तयार केले. सौ. शिवायला बसली आणि एकही त्रिकोण दुसऱ्याशी जुळेना. तिरपी कड हातात धरली की लांबायची. ठिगळ शिवून झाले की भाकरीसारखे फुगायचे. दोन लुगडी गेली. बाजारात पुन्हा मिळणारे ते कापड नव्हते. सौ. काही बोलली नाही, त्याचेच जास्त लागले.

मेव्हणीच्या सासूबाई छपरात गोधडी शिवत बसल्या होत्या. सुगी संपली, की पाऊस पडेपर्यंत हे काम. मी पिशवी पुढे ठेवली. त्यांनी एक त्रिकोण उचलला, दोन्ही टोके धरून हलकेच ओढला आणि हसल्या.

“पाव्हणं, आदी शिवायचं, मंग कापायचं. तुमी उलटं केलं.”

“म्हणजे कसं, मावशी?”

त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा चौरस काढला. मी मोजला, बरोबर साडेपाच इंच. तिसऱ्या, हिरव्या लुगड्याचा एक आणि धोतराचा एक असे दोन चौकोन कापले, ते एकमेकांवर ठेवले आणि वर कोळशाने कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ ओढली. रेघेच्या दोन्ही अंगांना पाव पाव इंच सोडून बारीक टाक्यांच्या दोन शिवणी घातल्या. मगच रेघेवर कात्री चालवली. दोन्ही तुकडे उघडले, तर प्रत्येकात अर्धा हिरवा, अर्धा पांढरा असा एकेक चौकोन! शिवण गडद कापडाकडे वळवून त्यांनी नखाने दाबली. मी पट्टी लावली. पाच इंच आणि वर एक सूत. ते सूत छाटून नेमके पाच इंच करायचे.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कापडाचा उभा धागा ताणत नाही, आडवाही फारसा ताणत नाही, पण तिरपे ओढले की सगळी वीणच कलते. शेताच्या फाटकाला नुसत्या चार फळ्या ठोकल्या तर ते महिनाभरात झुकते. एक तिरपी पट्टी मारली की ताठ राहते. त्या दोन शिवणी म्हणजे तिरपी पट्टीच. पट्टी मारण्याआधीच मी फाटक कापून बसलो होतो.

हिशेब तिथेच मांडला. जोडशिवणीत चारी बाजूंनी पाव इंच जाऊन ठिगळ साडेचार इंचांचे उरते. साडेचार फूट रुंद आणि सहा फूट लांब गोधडीला रुंदीत बारा, लांबीत सोळा, म्हणजे १९२ ठिगळे. एका जोडीतून दोन निघतात, म्हणून हिरवे ९६ आणि पांढरे ९६ चौकोन. पंचेचाळीस इंच पन्ह्याचे अडीच वार धड कापड एका रंगाला पुरते. एका लुगड्यात काम भागत होते!

मावशींनी चार ठिगळे जमिनीवर मांडून दाखवली. हिरवे कोपरे मधे आणले की शंकरपाळी, एकामागे एक फिरवले की भिंगरी, आणि सगळी एकाच तोंडाने लावली की नांगरटीच्या सऱ्या. मी सऱ्या निवडल्या.

“आणि हे बिघडलेले त्रिकोण? टाकून देऊ?”

“टाकताय कशाला? जुन्या लुगड्यावर पसरून धावदोऱ्यानं टाचा आन् मधल्या थरात घाला. वर दिसत न्हाईत, ऊब तेवढीच देत्यात. चूक पोटात घालायची असती, पाव्हणं.”

आज ती गोधडी मुलीकडे आहे. वरती आईचे एक लुगडे आणि वडिलांची धोतरे, पोटात आईची दोन लुगडी. कडेपासून आत आत फिरत गेलेला धावदोरा सौ.ने दोन महिने घातला.

तीस वर्षे मी शेतकऱ्यांना सांगत आलो, की नवे बियाणे आधी एका गुंठ्यात पेरून बघा, मग सारे रान पेरा. स्वतःच्या आईच्या लुगड्यांवर मात्र एका ठिगळाचीही चाचणी न घेता कात्री चालवली. वाचकहो, घरात असे ठेवणीतले कापड असेल तर पहिले ठिगळ एखाद्या टाकाऊ फडक्याचे करून बघा. आणि शेजारी गोधडी शिवणारी म्हातारी असेल, तर कात्री हाती घेण्याआधी तिच्या छपरात जाऊन बसा.