राखून ठेवलेला डाव

समोरच्याने बॅग उघडली आणि आतून आपलंच सैन्य बाहेर आलं, की पोटात जो गोळा येतो तो वेगळाच असतो. वॉरहॅमर खेळणाऱ्यांना विचारा. बाकी कुठल्याही सैन्याविरुद्ध निदान काहीतरी ठरलेलं असतं: हे लांबून मारतात, ते धावत येतात, त्यांचा हा राक्षस आधी पाडायचा, वगैरे. आपल्याच सैन्याविरुद्ध काय करायचं याचा मात्र बहुतेकांनी विचारच केलेला नसतो. मीही केला नव्हता.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लास्टिकचे इंच-दीड इंचाचे सैनिक. ते आपणच चिकटवायचे, आपणच रंगवायचे. ६० बाय ४४ इंचांचं टेबल, मोजपट्टी आणि मूठभर फासे. दोघांनी दोन-दोन हजार पॉइंटांचं सैन्य आणायचं. 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ १९८७ मध्ये आला, तो काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय नॉटिंगहॅमला आहे आणि नोकरीने मला नेमकं त्याच गावाजवळ आणून टाकलं. पुढचं सगळं २०२४ चं आहे, म्हणजे २०२३ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीच्या नियमांचं. सामना पाच फेऱ्यांचा आणि शंभर गुणांचा. पन्नास गुण टेबलावरची मोक्याची ठिकाणं धरून ठेवण्याचे, चाळीस छोट्या-छोट्या कामगिऱ्यांचे, आणि दहा गुण सैन्य रंगवलेलं आहे म्हणून! शाळेत वही नीटनेटकी ठेवल्याचे मिळायचे ना, तसेच.

माझं सैन्य नेक्रॉन. सहा-एक कोटी वर्षं झोपून उठलेले धातूचे सांगाडे. मला ते डॉक्टरांनी लावलं.

डॉक्टर म्हणजे इथल्याच एका इस्पितळात भूल देणारे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, मूळचे कोल्हापूरचे. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली आणि महिन्याभरात त्यांच्या गॅरेजमध्ये मी पहिला सांगाडा चिकटवत होतो. त्यांच्याकडे जे जादा होतं तेच मला मिळालं, त्यामुळे सैन्यही त्यांचंच झालं आणि खेळायची पद्धतही. दर गुरुवारी संध्याकाळी एका चर्चच्या हॉलमध्ये क्लब भरतो, तिथे आम्ही शिकलो ते बरोबर. म्हणजे ते शिकवायचे आणि मी हरायचो.

आता हिशोब बघा. स्पर्धा दोन दिवसांची, पाच सामन्यांची. समजा शंभरातले दहा जण आपलंच सैन्य घेऊन आलेत. पाच सामन्यांत त्यांच्यापैकी एकही समोर न येण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ५९ टक्के. म्हणजे ४१ टक्के वेळा निदान एकदा तरी आरशासमोर उभं राहावंच लागणार. एवढी शक्यता असलेला बग आपण प्रॉडक्शनमध्ये जाऊ देऊ का? (देतो. पण ते असो.)

त्या वसंतात एका स्पर्धेत मी दोनदा नेक्रॉनांकडूनच हरलो आणि मग डॉक्टरांच्या मागे लागलो, की आपण दोघांनी फक्त हेच खेळायचं, नेक्रॉन विरुद्ध नेक्रॉन. ते हसले. "अरे, एका तालमीतले पैलवान एकमेकांशी मैदानात धरत नाहीत. पण तालमीत धरतात की. ये."

सात-आठ गुरुवार तेच केलं. पहिली गोष्ट कळली ती ही की आपल्या सैन्याच्या ज्या गुणावर आपण जगतो तोच समोर उभा राहिला की आपल्या सगळ्या सवयी चुकीच्या ठरतात. नेक्रॉन मेले तरी उठतात. दर पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक तुकडीला एक ते तीन जखमा परत मिळतात. पण तुकडीतला एक तरी शिल्लक असेल तरच. पूर्ण तुकडी संपली तर संपली. त्यामुळे इतरांविरुद्ध मी जे करायचो, सगळ्यांना थोडं-थोडं झोडपून काढायचं, ते इथे म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं. एकच तुकडी निवडायची आणि ती संपेपर्यंत दुसरीकडे बघायचंच नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. समोर तीन अर्धमेल्या तुकड्या दिसत असताना चौथ्या धडधाकट तुकडीकडे दुर्लक्ष करून पहिलीतला शेवटचा सांगाडा मारायला अख्खा तोफखाना वळवणं जिवावर येतं.

दुसरी गोष्ट घाईची. पहिली पाळी मिळाली की बरं वाटतं, पण पाचव्या फेरीत दुसऱ्या पाळीवाला त्याच्या पाळीच्या अखेरीस ठिकाणांचे गुण मोजतो. त्याच्यानंतर त्याला हुसकवायला कोणी येत नाही. सारखंच सैन्य, सारखाच टिकाऊपणा, म्हणजे शेवटी हलणाऱ्याचं पारडं जड. बुद्धिबळात पांढऱ्याला फायदा असतो, तर इथे बऱ्याचदा उलटं.

तिसरी गोष्ट मला सापडली. डॉक्टरांना मी ती सांगितली नाही.

आम्ही दोघंही 'हायपरक्रिप्ट लीजन' खेळायचो. त्याची गंमत अशी की शत्रूची पाळी संपताना आपल्या काही तुकड्या टेबलावरून चक्क उचलायच्या आणि आपल्या पाळीत भलतीकडेच उतरवायच्या. अट एकच, उतरताना शत्रूच्या प्रत्येक मॉडेलपासून ९ इंचांहून लांब राहायचं. आम्ही सगळा सराव उतरल्यानंतर काय करायचं याचा केला. दोन फाशांवर नऊ पडून चढाई लागण्याची शक्यता २८ टक्के, एकदा पुन्हा फेकायला मिळालं तर ४८, हे दोघांनाही झोपेत पाठ. उतरायला जागाच नसेल तर? हा प्रश्न दोघांनीही विचारला नव्हता.

मला तो जेवणाच्या टेबलावर पडला. डॉक्टरांना तीन आठवडे नाइट ड्यूटी लागली, म्हणून मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत होतो. (बायको एकदा येऊन म्हणाली, "कोण जिंकतंय? तू की तू?") एकट्याने खेळण्याचा तसा उपयोग नसतो. ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट लिहावी तसं होतं, जे सुचलंच नाही ते दोन्हीकडून सुटतं. म्हणून मी समोरच्या बाजूला मी नव्हे, डॉक्टर बसवले. ते काय करतील? ते दुसऱ्या फेरीनंतर नेहमी तुकड्या उचलतात. नेहमी. आणि माझ्या स्कॅरबांकडे कधीच बघत नाहीत.

स्कॅरब म्हणजे नेक्रॉनांचे धातूचे किडे. स्वस्त, चपळ आणि मोक्याचं ठिकाण धरून ठेवण्यात त्यांची किंमत शून्य. आम्ही ते किरकोळ कामगिऱ्यांसाठी पिटाळायचो. आता मोजा. एकाचा बेस ४० मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम १.६ इंच. तीन बेस, मध्ये दोन-दोन इंच अंतर, आणि दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंचांची बंदी: ९ + १.६ + २ + १.६ + २ + १.६ + ९. जवळपास २७ इंच! अशा दोन तुकड्या एका रेषेत पसरल्या की ६० इंची टेबलाचा ५४ इंच पट्टा बंद. वर आणखी एक मजा. उतरणं आधी होतं आणि गोळीबार नंतर, त्यामुळे किडे मारून जागा मोकळी करावी म्हटलं तरी तोवर उतरायची वेळ गेलेली असते.

हे मी पुढच्या गुरुवारी डॉक्टरांना दाखवायला हवं होतं. इतकी वर्षं त्यांनी मला सगळंच दाखवलं होतं. पण महिन्यावर स्पर्धा होती, दोघंही जाणार होतो, आणि मी स्वतःला सांगितलं की बाहेर कोणावर तरी वापरून बघू, मग सांगू. त्या गुरुवारी मी स्कॅरब नेहमीसारखेच पळवले. मुद्दाम.

स्पर्धेला गेलो डॉक्टरांच्या गाडीने. त्यांनी दोन सहकाऱ्यांच्या पाया पडून वीकेंडची ड्यूटी बदलून घेतली होती. पाचांपैकी चार सामने आजवर ते कधीच जिंकले नव्हते, यंदा जिंकायचे होते. शनिवारअखेर दोघांचेही तीनपैकी दोन विजय. स्पर्धेत सारख्या गुणांचे लोक एकमेकांसमोर लावतात, त्यामुळे रविवारी सकाळी यादी लागली तेव्हा फार आश्चर्य वाटायला नको होतं. टेबल अकरा. डॉक्टर विरुद्ध मी.

"चला," ते म्हणाले, "गुरुवारच आहे असं समज."

आमच्यात एक सवय होती, आणि चांगल्या खेळाडूंमध्ये ती सगळीकडेच असते. करताना बोलायचं. "याला इथे ठेवतोय, म्हणजे तुम्हाला इथून दिसणार नाही, बरोबर?" नंतर इंचा-अर्ध्या इंचावरून वाद नकोत म्हणून. त्या सकाळी दुसऱ्या फेरीत मी दोन्ही बाजूंचे स्कॅरब पसरले आणि तोंडातून शब्द काढला नाही. दोन्ही वेळा कामगिरीचं कार्ड नजरेसमोर होतंच, त्यासाठीच चाललेत असं वाटावं असं.

माझी पाळी संपली. डॉक्टरांनी तीन तुकड्यांवर हात ठेवला. "उचलतो हं."

"हं," मी म्हणालो.

त्यांनी उचलल्या. आपल्या पाळीत मोजपट्टी काढली. उजवीकडे मोजलं, मध्ये मोजलं, पुन्हा उजवीकडे. मग पट्टी खाली ठेवून ते टेबलाकडे बराच वेळ बघत राहिले. घड्याळ त्यांचंच चालू होतं. शेवटी तिन्ही तुकड्या त्यांच्याच मागच्या कडेला, काही उपयोग नाही अशा जागी उतरल्या. मग मोठ्याने हसले. "वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. इथं चेल्यानंच ठेवला की!"

मी ७४, ते ६९. हात मिळवला, कॉफी आणली, स्कॅरबांचं भरभरून कौतुक झालं. पाचवा सामना ते जिंकले. तीन विजय. मी हरलो, माझेही तीन.

परतताना गाडीत ते ड्यूटीच्या गमती सांगत होते. मोटरवे सोडल्यावर थोडा वेळ गप्प झाले आणि रस्त्याकडे बघतच म्हणाले, "डाव चांगला होता. ते 'हं' मात्र नाही आवडलं मला."

नियमात ते बसतं. त्यांनी काही विचारलं नव्हतं, मी काही खोटं सांगितलं नव्हतं. हे सगळं मी तोंडात तयार ठेवलं होतं. बोललो नाही. "चुकलंच, डॉक्टर," एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि रेडिओ लावला.

त्या रात्री मी वहीतली आकृती, सगळी मोजमापं, कुठल्या फेरीत कुठे पसरायचं ते सगळं फोटो काढून त्यांना पाठवलं. मंगळवारपर्यंत उत्तर नाही. बुधवारी पहाटे चारला, बहुधा ड्यूटीवरून, निरोप आला:

"डावीकडे सहा इंच उघडं राहतंय तुझं. मोजून बघ. मी शहाणा असतो तर तिथं उतरलो असतो. गुरुवारी ये, आणि किडे आण."