शोधणाऱ्याच्या सोयीने

सर्च इंजिनच्या कामात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा प्रश्न दिसायला अगदी साधा आहे: आलेलं डॉक्युमेंट कुठल्या शार्डवर ठेवायचं? इंडेक्स एका मशीनवर मावेनासा झाला की त्याचे भाग पाडावे लागतात, तेच हे शार्ड. इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनमध्ये प्रत्येक शार्ड हा ल्यूसीन या सर्च लायब्ररीचा स्वतंत्र, पूर्ण इंडेक्स असतो. त्याची कमाल मर्यादा सुमारे २१४ कोटी डॉक्युमेंटांची; पण बहुतेक वेळा शार्ड त्याच्या कितीतरी आधीच जड होतो.

वाटपाचं मूळ सूत्र एका ओळीचं आहे. डॉक्युमेंटच्या आयडीचा हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने निघणारी ठरावीक संख्या, काढायचा, त्याला शार्डच्या संख्येने भागायचं आणि उरलेली बाकी हाच शार्डचा नंबर. हॅश १७ आला आणि शार्ड ५ असतील, तर डॉक्युमेंट २ नंबरच्या शार्डवर. कुठलं डॉक्युमेंट कुठे आहे याची वही कुणीच ठेवत नाही. क्लस्टरमधल्या कुठल्याही नोडला विचारा, तो तेच गणित करून तेच उत्तर देतो. या सूत्राचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मात्र या सूत्रात शार्डची संख्याच रुतून बसलेली असते. ५ चे ६ शार्ड केले की १७ चा मुक्काम २ वरून ५ वर जातो. ० ते २९ हे हॅश कागदावर मांडून पाहा: फक्त ० ते ४ जागेवर राहतात, बाकीचे २५ हलतात. म्हणूनच चालू इंडेक्समध्ये मनाला येईल तसा एखादा शार्ड वाढवता येत नाही. इलॅस्टिकसर्चच्या ६.१ आवृत्तीत स्प्लिटची, म्हणजे शार्ड फोडण्याची, सोय आली, तीही पटीतच चालते. ५ चे १० करताना एका जुन्या शार्डमधला माल ठरावीक दोन नव्या शार्डमध्येच जातो, इतर शार्डना धक्का लागत नाही. पण त्याआधी इंडेक्सवरचं लिखाण थांबवावं लागतं.

खरं कसब लागतं ते रूटिंग, म्हणजे वाटप कशाच्या आधारे करायचं हे, आपण ठरवतो तेव्हा. समजा, हजारो दुकानांच्या ऑर्डरी एकाच इंडेक्समध्ये आहेत. आयडीवर वाटप केलं तर माल समान पसरतो, पण एका दुकानदाराने स्वतःची एक ऑर्डर शोधली तरी सगळे शार्ड कामाला लागतात आणि सगळ्यात संथ शार्डचं उत्तर येईपर्यंत तो ताटकळतो. दुकानाच्या कोडवर रूटिंग केलं की त्याची क्वेरी एकाच शार्डवर जाते. मग दिवाळीत एखादं मोठं दुकान धो धो चालतं, त्याचा शार्ड तापतो आणि शेजारी नांदणारी छोटी दुकानं भरडली जातात. अशा दुकानाचा माल एकाच शार्डवर न कोंबता ठरावीक काही शार्डवर पसरता येतो. इलॅस्टिकसर्चमध्ये त्यासाठी पार्टिशन साइज आहे. सोलर या दुसऱ्या सर्च इंजिनमध्ये आयडीच्या आधी दुकानाचा कोड आणि उद्गारचिन्ह लावून हॅशचे किती बिट दुकानाचे, हे सांगता येतं.

दुसरी जोखीम जास्त छुपी आहे. ऑर्डर दुकानाच्या कोडवर रूट झाली आणि तिचा अपडेट लिहिणारा प्रोग्राम तो कोड द्यायला विसरला, तर नवी प्रत आयडीच्या हॅशने भलत्याच शार्डवर जाऊ शकते. एकाच आयडीच्या दोन ऑर्डरी तयार होतात: एक 'पाठवली', एक 'प्रलंबित'. इंजिन काहीच तक्रार करत नाही, कारण आयडी एकमेव आहे की नाही हे शार्डच्या आतच तपासलं जातं. त्यामुळे मॅपिंगमध्ये, म्हणजे इंडेक्सच्या रचनेच्या व्याख्येत, रूटिंग सक्तीचं करणं मी कधीच ऐच्छिक मानत नाही.

डॉक्युमेंटची जागा ते कशाबद्दल आहे यावरून ठरू नये. ते कोण आणि कसं शोधणार यावरून ठरावी, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून नव्या इंडेक्सची आखणी करताना मी आधी क्वेरींची यादी मागतो. मग रूटिंगच्या किल्लीला तीन कसोट्या लावतो. बहुतेक क्वेरींमध्ये ती आपसूक येते का? तिची मूल्यं भरपूर आणि साधारण सारख्या वजनाची आहेत का? आणि ती कधीच बदलत नाही ना? ग्राहकाचं शहर तिसऱ्या कसोटीत नापास होतं, कारण माणसं घर बदलतात आणि तेव्हा डॉक्युमेंट जुन्या शार्डवरून पुसून नव्या शार्डवर लिहावं लागतं. तिन्ही कसोट्यांवर उतरणारी किल्ली सापडली नाही, तर मी आयडीवरच थांबतो. सगळ्या शार्डना विचारावं लागलं तरी चालेल, पण दुकानदाराला त्याची ऑर्डर एकदाच आणि खरी दिसली पाहिजे.