लोटे म्हणजे बोंबील

एस्प्लनेड हे नाव वाचताच मुंबईकर वाचकांना आपल्या फोर्टाजवळचे जुने एस्प्लनेड आठवेल. किल्ल्यासमोर मुद्दाम मोकळे राखलेले मैदान, असा या शब्दाचा अर्थ. कलकत्त्यात फोर्ट विल्यमभोवतीचे ते मैदान अजून आहे. देशातील पहिली भुयारी रेल्वे १९८४ साली धावली, तीही एस्प्लनेडपासूनच. परंतु बंगाली माणूस या भागाला धर्मतला म्हणतो आणि येथे येतो तो बहुधा लांबच्या गावाची बस धरावयास. २०१० सालच्या जानेवारीत, एका पहाटे, आम्ही सात विद्यार्थिनी तेथे उभ्या होतो त्या याचसाठी. रात्री परत यायचे, अशी एका दिवसाची सहल ठरली होती.

डायमंड हार्बर, काकद्वीप मागे टाकून बस नामखान्याला पोहोचली. हातानिया-दोआनिया नदीवरील पूल झाला २०१९ साली. तेव्हा बसच बार्जवर चढे आणि उतारू तिच्या शेजारी उभे राहून पैलतीर गाठत. पुढे फ्रेझरगंज. सर अँड्र्यू फ्रेझर या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नराचे नाव मिरवणारे ते मच्छीमारांचे गाव.

किनारा दिसण्यापूर्वीच वास आला. मैत्रिणींनी पदर, रुमाल नाकाला लावले. वाचकहो, सांगावयास लाज वाटते, मीही लावला.

मी अर्नाळ्याची. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन विरारच्या बाजारात सुकी मासळी विकीत असे. वसतिगृहात मी "वडिलांची होडी आहे" एवढेच सांगितले होते. त्याच वर्षी दिवाळीनंतर आईने वर्तमानपत्रात गुंडाळून बोंबील पाठविले, तेव्हा खोलीत वास सुटेल या धास्तीने मी ते पुडके रात्री कचऱ्याच्या पेटीत टाकून दिले. "मिळाले, छान होते," असे फोनवर सांगितले.

येथे तेच बोंबील बांबूंच्या मांडवांवर रांगेने वाळत होते. एक वयस्क बाई खाली पडलेले उचलून पुन्हा वर अडकवीत होती. आई जशी पाठीला हात लावून कंबर सरळ करी, तशीच ती करीत होती. मी रुमाल केव्हा खाली केला ते कळले नाही.

"मासी, याला काय म्हणता?" मी विचारले.

"लोटे," ती म्हणाली. "तुमच्या देशात मिळतो?"

"मिळतो. आम्ही बोंबील म्हणतो. माझी आई विकते."

तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "भाव काय मिळतो?" मला तो ठाऊक नव्हता. आईला मी कधी विचारलेच नव्हते. या एका प्रश्नाने मी जितकी खजील झाले, तितकी मैत्रिणींच्या रुमालांनी कधीच झाले नसते.

निघताना मी अर्धा किलो लोटे घेतले. बसमध्ये कुरकुर झाली. "हा वास माझ्या घरचा आहे," एवढेच मी म्हणाले. बराच वेळ कोणी बोलले नाही. रात्री एस्प्लनेडला उतरल्यावर एक मैत्रीण मागे रेंगाळली. तिची आजी चितगावची. ती शुटकी रांधी तेव्हा घरची माणसे खिडक्या लावून घेत, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. "थोडे मला देशील?" तिने विचारले. तिथेच दिव्याच्या खांबाखाली आम्ही पुडके सोडून वाटणी केली.

दुसऱ्या दिवशी आईला फोन करून फेकलेल्या पुडक्याची हकीकत सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, ते निवडून ठेवलेले होते." रागावली असती तर बरे झाले असते.

आज भाषांतर हाच माझा पोटाचा व्यवसाय आहे. शब्दाला शब्द शोधण्यात दिवस जातो. परंतु आपले म्हणून उघडपणे उच्चारलेला पहिला प्रतिशब्द तोच, फ्रेझरगंजच्या वाळूवरचा. आणि हो, त्या दिवसापासून भाव मात्र मी आईला दर खेपेस विचारते.