भूतानला गेलेली येझदी

हुबळी-धारवाडात माझी ओळख करून देताना एक वाक्य ठरलेले असते. "हे आमचे हेडमास्तर. मोटारसायकलवरून नेपाळ-भूतान करून आलेले." स्नेहसंमेलनात, पालकसभेत, एकदा तर एका मुंजीच्या मांडवातही हे वाक्य मला गाठून गेले. मी हसतो, हात जोडतो आणि विषय बदलतो. वीस वर्षांहून अधिक काळ बदलतोच आहे.

२००३ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही पाचजण चार गाड्यांवरून निघालो. एक बँकेतला, एक पोस्टातला, एक कापडदुकानदार, चौथा मी. पाचवा जुन्या हुबळीतला मेकॅनिक. त्याच्याजवळ गाडी नव्हती, हातात कसब होते. म्हणून त्याने पाळीपाळीने एकेकाच्या मागे बसायचे असे ठरले. घरी तो कन्नड बोलणारा. आमचे आपसातले बोलणे म्हणजे वाक्य मराठीत सुरू व्हायचे आणि कन्नडात संपायचे, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

माझी गाडी म्हणजे खरे तर आप्पांची. येझदी रोडकिंग, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना १९९६ मध्येच बंद पडला होता, त्यामुळे सुटे भाग मिळण्याची पंचाईत. या गाडीची एक गंमत आहे. किक मारायची तीच दांडी खाली पाडली की गिअरची होते. नवख्या माणसाची त्यावर हमखास फजिती. आप्पा रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले. गाडीच्या पुस्तकावर नाव त्यांचेच. निघताना त्यांनी स्टँपपेपरवर मला अधिकारपत्र लिहून दिले, सही केली आणि म्हणाले, "गाडी सांभाळ." माझ्याबद्दल काही म्हणाले नाहीत.

वाटेत एका रात्री ढाब्यावर बँकेतल्या मित्राने सहा मुंबईकर पारशी तरुणांची गोष्ट सांगितली. १५ ऑक्टोबर १९२३ ला ते सायकलींवर जग बघायला निघाले आणि १९२८ च्या मार्चमध्ये परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर! आपल्याजवळ तर इंजिन आहे, असे त्याचे म्हणणे. पण परतले ते तिघेच : अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. "बाकीचे तिघे?" पोस्टातल्याने विचारले. नावे बँकवाल्याला आठवली नाहीत. आम्हीही त्याला अधिक छेडले नाही.

सोनौलीला हद्द ओलांडली. त्या वर्षी जानेवारीपासून नेपाळात माओवादी आणि सरकार यांच्यात युद्धबंदी होती, म्हणूनच घरच्यांनी सोडले होते. भन्सार म्हणजे तिथली जकात. ती भरली, गाडीचा परवाना घेतला, घड्याळे पंधरा मिनिटे पुढे केली. आणि मान वर केली तर समोर सगळ्या पाट्या देवनागरीत! मी हुबळीत जन्मलो, दुकानांच्या कन्नड पाट्या वाचत मोठा झालो. मराठी अक्षर आमच्याकडे घरात, शाळेत आणि दिवाळी अंकात. इथे परक्या देशात किराणा दुकानापासून पोलिस चौकीपर्यंत सगळे आपल्या अक्षरांत लिहिलेले. मेकॅनिकला मात्र देवनागरी जुळवून जुळवून वाचावी लागे. मी त्याला ऐटीत पाट्या वाचून दाखवीत होतो. बुटवल, नारायणघाट, मुग्लिङ. ती ऐट काठमांडूपर्यंत टिकली.

काठमांडूला पोहोचल्यावर एका बूथवरून घरी फोन लावला. आप्पांना आदल्या दिवशी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, बोलता येत नव्हते.

रात्रीची बस धरायचे ठरले, पण गाडीचे काय? मेकॅनिक म्हणाला, "नीव होग्री सर, गाडी ना तर्तेनि." तुम्ही जा, गाडी मी आणतो. मग वहीचे पान फाडून त्याच्या नावे अधिकारपत्र लिहिले. हिंदीत लिहायला बसलो, घाईत निम्मे मराठी झाले. पुढे काकडभिट्टाच्या नाक्यावर नेपाळी अधिकाऱ्याने ते नीट वाचून काढले म्हणे. लिपी त्याचीच होती ना!

गोरखपूर, कल्याण, मग बस असे करत चौथ्या दिवशी हुबळी गाठली. आप्पांनी मला पाहिले आणि डावी मूठ हवेत धरून पिळली. अॅक्सिलरेटर. गाडी कुठे, असे ते विचारत होते. "येतेय," म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. विश्वास बसला नव्हता, हे मला कळले.

गाडी आली तेव्हा जून लागून शाळा सुरू झाली होती. मित्र महेंद्र राजमार्गाने पूर्वेला जाऊन, जयगाव-फुन्त्शोलिङमार्गे थिंफूपर्यंत पोहोचून परतले होते. मेकॅनिकने दारातच गाडी दोनदा रेझ केली. तो टू-स्ट्रोकचा आवाज ऐकून आप्पा आतल्या खोलीत डाव्या हाताने पलंगाची फळी थोपटत राहिले. पुढे ते पावणेदोन वर्षे होते.

नंतर सत्कार झाला. पाच नारळ, पाच शाली. वक्त्यांनी पाचही जणांना थिंफूला पोहोचवले. दुरुस्ती करावी म्हणून मी उठणार होतो, तेवढ्यात फोटो काढणारा आला. चूक माझीच आहे. पुढच्या वेळी सांगू, असे म्हणत प्रत्येक पुढच्या वेळी मी शाल घेऊन बसून राहिलो. त्या सहांपैकी उरलेल्या तिघांची नावे मी नंतर हुडकून काढली. नरिमन कापडिया तेहरानहून परतले, गुस्ताद हाथिराम अमेरिकेतच राहिले, केकी पोचखानवाला तिथून माघारी आले. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. कापडियांचे नाव घेताना जरा थांबतोही. का, ते मुलांना ठाऊक नसते.

यंदा नववीतल्या एका मुलाला 'लिपी' या विषयावर प्रकल्प करायचा होता. मधल्या सुट्टीत वही घेऊन आला. "सर, भूतानातल्या पाट्या कुठल्या लिपीत असतात?" झोंखा भाषा, तिबेटी लिपी, एवढे पुस्तकी उत्तर मी दिले. "पण दिसतात कशा? काढून दाखवा ना." खडू माझ्या हातात होता. फळ्याकडे वळलो खरा, पण काढणार काय?

शाळा सुटल्यावर त्याला घेऊन जुन्या हुबळीत गेलो. मेकॅनिक आता चष्मा लावतो. काम त्याचा मुलगा करतो. प्रश्न ऐकून तो हसला. "ओदाक बरलिल्रि सर," म्हणाला. वाचता कुठे आले? मग ऑइलचे बोट फरशीवर टेकवून त्याने आठवेल तसे काढायला सुरुवात केली. प्रत्येक अक्षराला वर एक छोटी आडवी रेघ, खाली टोकदार शेपटी.

"सर, तुम्ही नव्हता तिथे?" मुलाने विचारले.

"नव्हतो. मी काठमांडूहून परत आलो."

मेकॅनिकने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि बोट फडक्याला पुसले. मुलाने वहीत फरशीवरचे अक्षर उतरवून घेतले, पान उलटले आणि पुढचा प्रश्न कन्नडात त्याला विचारला.