टेबलावरची चादर

बुंदी आमच्याकडे आली तेव्हा आठ आठवड्यांची होती. गावठी कुत्रीचं पिल्लू. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून आईनं तिचं नाव बुंदी ठेवलं. तिसऱ्याच दिवशी मी तिला बाजाराच्या पिशवीत घातलं, रिक्षा केली आणि लस टोचायला घेऊन गेले. यापलीकडे काही तयारी करायची असते, हे मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात संध्याकाळची गर्दी होती. फिनेलचा उग्र वास येत होता आणि एक मोठा कुत्रा साखळीला हिसडे देत भुंकत होता. पाऊण तास बुंदी माझ्या मांडीवर थरथरत होती. नंबर लागला. स्टीलच्या टेबलावर ठेवताच तिचे चारी पाय चार दिशांना फाकले, नखं पत्र्यावर करकरली. कंपाउंडरनं मान दाबून धरली, शेपटीखाली थर्मामीटर गेला आणि लगेच सुई. बुंदी किंचाळली आणि टेबलावरच मुतली. “होईल सवय,” असं मला सांगण्यात आलं.

सवय झाली नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्या डोससाठी निघालो. रिक्षा दवाखान्याच्या गल्लीत वळली आणि बुंदी पिशवीत आकसत गेली. कान मागे, शेपूट पोटाशी, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायला लागलेलं. उकडलेल्या चिकनसाठी घरी ती उड्या मारायची. तोच तुकडा नाकाशी धरला, तर तिनं तोंड फिरवलं. टेबलावर ती गुरगुरली, कंपाउंडरच्या हाताला तिचे दात लागले. शेवटी तोंड बांधून लस दिली. त्या रात्री ती माझ्याजवळ आली नाही, पलंगाखालीच झोपली. मला ते फार लागलं.

मग शेजाऱ्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. बुंदीला घरी ठेवून मी एकटीच त्यांच्याकडे गेले. पहिल्या दिवशी काय काय झालं ते त्यांनी क्रमानं सांगायला लावलं. ऐकून म्हणाल्या, “मानेवरची कातडी सैल असते, सुई बारीक असते. ते दुखणं क्षणभराचं. भीती बसली ती त्याआधीच्या पाऊण तासानं आणि त्या टेबलानं.”

त्यांनी समजावलं ते मी पुढं वाचूनही पडताळलं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी पटकन आपल्या मानतं. अमेरिकेतले स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली हे ग्रंथरूपात मांडलं. मात्र याच काळात, आठव्या आठवड्याच्या आसपास, बसलेला धसका खोल जातो. त्यात कुत्र्याचं नाक. वास ओळखणाऱ्या पेशी आपल्या नाकात ५०-६० लाख, त्याच्या नाकात २० कोटींच्या वर. आपल्याला नुसता फिनेलचा वास येतो. पिल्लाला त्याखालून आधी येऊन गेलेल्या, घाबरलेल्या जनावरांचा वास येत असतो.

तिसऱ्या डोसला तीन आठवडे होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तोवर दर दोन दिवसांनी या. इथं तिला काहीही करायचं नाही.”

आम्ही दुपारी, गर्दी नसताना जायचो. लसी पूर्ण झालेल्या नव्हत्या. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून बुंदीला फरशीवर सोडायचं नाही, कडेवरच ठेवायचं. पहिल्या दिवशी नुसतं दारापर्यंत गेलो. तिनं तुकडा खाल्ला नाही, आम्ही परत फिरलो. तिसऱ्या खेपेला दारात उभी असताना तिनं तुकडा घेतला. त्या दिवशी मला किती बरं वाटलं! खाणं हेच आमचं माप ठरलं. खाते म्हणजे पुढं जायचं. ओठ चाटते, उगाच जांभया देते, खात नाही म्हणजे एक पाऊल मागं.

नंतर तिची घरातली जुनी चादर टेबलावर अंथरली. पायाखाली पत्रा नाही, अंगाला ओळखीचा वास. ती चादरीवर चक्क बसली. घरीही रोज दोन मिनिटं सराव केला: कान उलटून बघणं, पंजा हातात धरणं, ओठ वर करून दात बघणं, शेपूट उचलणं. प्रत्येक वेळी आधी हात, मग खाऊ. तिनं पंजा मागं घेतला की मी सोडून द्यायचे.

आई म्हणायची, “घाबरलेल्याला कुरवाळलंस तर आणखी डोक्यावर बसेल.” डॉक्टरबाईंनी तिलाही समजावलं. भीती म्हणजे खोडी नव्हे. जवळ घेतल्यानं ती वाढत नाही. गुरगुरण्यावर ओरडायचंही नाही. गुरगुरणं ही तिची सूचना असते. ती दाबली, तर पुढच्या वेळी थेट चावा येतो.

तिसऱ्या डोसच्या दिवशी सकाळी तिला थोडं कमी खायला दिलं. नंबर लागेपर्यंत आम्ही बाहेर रिक्षातच थांबलो. टेबलावर चादर, समोर माझ्या हातात घट्ट दह्याची वाटी. बुंदी दही चाटत होती. डॉक्टरबाईंनी मान चोळली, चिमटीत कातडी धरली, सुई दिली. तिनं एकदा मागं वळून पाहिलं आणि पुन्हा वाटीत तोंड घातलं. त्याच दिवशी रेबीजची लसही झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बुंदी आता चार वर्षांची आहे. दवाखान्यात गेल्यावर ती स्वतःहून वजनकाट्यावर चढून बसते.

आमच्याच गल्लीत दोन पाळलेले कुत्रे आहेत, त्यांची रेबीजची लस वर्षानुवर्षं झालेली नाही. मालक म्हणतात, “नेलं की चावतो.” रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस काय, कुत्रा काय, सहसा वाचत नाही. म्हणून पिल्लाची भीती हा लाडाचा विषय नाही, साऱ्या घराच्या जिवाचा आहे. तुमच्याकडे नवं पिल्लू येणार असेल तर एवढंच करा: पहिल्या सुईच्या आधी एकदा त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात जा, खाऊ द्या आणि काहीही न करता घरी परत या.